प्राथमिक शाळेतील गाणे : समवायाची कथा

पंतोजींच्या शाळेत संगीत नावाचा विषय नव्हता. तरीही त्या शाळेवरून जाणाऱ्याच्या कानी प्रथम पडे तो मुलांचा सूर. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी अशी अपूर्णांकांची उतरंड मुले एका ठेक्यात म्हणत. सायंकाळी दिवेलागणीला घरोघर परवचा होई. मोरोपंतांच्या आर्येची एक चाल, वामनपंडितांच्या श्लोकाची दुसरी; ओवी, साकी, दिंडी यांची आणखी निराळी. १८५४ साली परशुरामतात्या गोडबोले यांनी 'नवनीत' हा प्राचीन कवितेच्या वेच्यांचा संग्रह सिद्ध केला आणि जुनी कविता छापील पुस्तकातून शाळेत आली. पण कविता ही वाचावयाची नसून म्हणावयाची असते, ही समजूत पुढे कितीतरी वर्षे टिकून राहिली. वृत्ताचे नाव विसरलेला विद्यार्थी चाल विसरत नसे.

यात गाणे किती होते आणि घोकणे किती, हा प्रश्न मात्र विचारावयास हवा. गळा येथे स्मरणशक्तीच्या सेवेला लावलेला होता. सेवक इमानी खरा, कारण ठेक्यात बसलेली दिडकी म्हातारपणीही मुखोद्गत असे. परंतु मुलगा बेसूर म्हणतो की सुरेल, याची पंतोजींना फिकीर नव्हती. चूक धरली जाई ती आकड्याची, स्वराची नव्हे. शाळेतील गाण्याच्या इतिहासात ही खूण प्रथम ध्यानी ठेवली पाहिजे. इतर विषय गाण्याच्या आधाराने शिकविण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. त्या व्यवहारात गाण्याच्या पदरी काय पडते, हा विचार मात्र फार उशिरा सुरू झाला.

संगीताला स्वतःची प्रतिष्ठा मिळवून देण्याचे काम निराळ्या दिशेने झाले. बडोद्यास महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या आश्रयाने मौलाबक्ष यांनी १८८६ साली गायनशाळा चालू केली, स्वरलेखनाची पद्धत बसविली आणि पुस्तके लिहिली. ५ मे १९०१ रोजी पंडित विष्णु दिगंबर पलुसकर यांनी लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापिले; पुढे १९०८ साली ते मुंबईस आले. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या 'क्रमिक पुस्तक मालिके'ने अभ्यासक्रमाला पायऱ्या घालून दिल्या. गुरूच्या घरी पाणी भरून विद्या मिळविण्याच्या काळात कोणाही गृहस्थाच्या मुलामुलींना ठरलेल्या वेळी, ठरलेल्या क्रमाने गाणे शिकता यावे, ही लहान गोष्ट नव्हती. एवढे झाले तरी गाण्याची शाळा ती गाण्याची शाळा आणि गणित-भूगोलाची शाळा ती दुसरी, अशी विभागणी राहिलीच. खेड्यातील एकशिक्षकी शाळेच्या उंबरठ्यापर्यंत स्वरलिपी पोहोचणे कठीणच होते.

या दोन वाटा जेथे प्रथम एकमेकींजवळ आल्या, ते स्थळ बंगालमधील बोलपूरजवळचे. रवींद्रनाथ ठाकूर यांनी १९०१ साली शांतिनिकेतनात जी शाळा काढली, तिच्यात गाणे हे वेळापत्रकातील एका चौकोनात कोंडलेले नव्हते. पाऊस आला की वर्षेचे गाणे, फाल्गुन आला की वसंताचे. १९२८ साली तेथे वृक्षारोपणाचा आणि शेजारच्या श्रीनिकेतनात हलकर्षणाचा, म्हणजे नांगरणीचा, उत्सव सुरू झाला. झाड लावणे हा निसर्गपाठ, नांगर धरणे हा शेतीचा पाठ. दोहोंबरोबर गाणे आणि नृत्य होते. आणि ते गाणे त्या पाठाची माहिती सांगण्यासाठी रचलेले नव्हते. झाड कसे वाढते हे मुलांना मातीतून कळे; झाड लावताना मनाला काय वाटावे, ते गाण्यातून. भीमराव शास्त्री हे आपल्याकडील गवई शांतिनिकेतनात अभिजात संगीत शिकवीत आणि रवींद्रनाथांच्या गीतांचे स्वरलेखन त्यांनी देवनागरीत केले, हे मराठी माणसाने ध्यानी ठेवावे असे आहे. मात्र शांतिनिकेतनात घरचाच कवी आणि घरचाच गायक होता. ही सोय हिंदुस्थानातल्या हजारो शाळांना कोठून मिळणार?

दुसरी जवळीक साबरमतीच्या काठी झाली. पलुसकरांचे शिष्य पंडित नारायण मोरेश्वर खरे १९१८ साली गांधीजींच्या आश्रमात गेले. सकाळ-संध्याकाळच्या प्रार्थनेचे संगीत त्यांच्याकडे आले आणि त्यांच्या हातून 'आश्रम भजनावलि' सिद्ध झाली. हे लहानसे पुस्तक शिक्षणाच्या दृष्टीने कोणी फारसे वाचत नाही. वाचावे असे मला वाटते. संस्कृत श्लोक, हिंदी पदे, गुजराती भजने, मराठी अभंग, बंगाली गीते आणि इंग्रजी स्तोत्रेही त्यात शेजारी शेजारी आहेत, आणि भजनांच्या माथ्यावर रागाचे व तालाचे नाव छापलेले आहे. आश्रमातील मूल तुकारामाचा अभंग म्हणे, तेव्हा त्याला एक परकी भाषा, एक संत, एक प्रांत, एक राग आणि एक ताल ही पाचही एकाच वेळी भेटत. शिवाय त्यांपैकी एकही दुसऱ्यासाठी पातळ केलेली नसे. राग हा रागच होता आणि अभंग हा अभंगच. खरे १९३० च्या दांडीयात्रेतही गांधीजींबरोबर चालले होते.

गांधीजींना गाण्याविषयी आस्था होती ती गवयाची नव्हे, संघटकाची. सभांतील गोंगाटाला ते कंटाळलेले असत. स्वयंसेवकांना आणि बालवीरांना राष्ट्रीय गीते एकसुरात म्हणण्याचे शिक्षण सक्तीचे करावे, असे त्यांनी १९२० सालीच लिहिले होते. पुढे १९३७ च्या सप्टेंबरात 'हरिजन' पत्रात त्यांनी प्राथमिक शिक्षणात संगीताला स्थान हवे या सूचनेला मनापासून पाठिंबा दिला. हाताला वळण लावणे जितके अगत्याचे तितकेच कंठाला वळण लावणेही, असा त्यांचा अभिप्राय होता. ही तुलना सहज आलेली नाही. हाताच्या शिक्षणावर एक संपूर्ण योजना उभी करण्याच्या विचारात ते त्या वेळी होते.

ती योजना म्हणजे वर्धा योजना. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्यास परिषद भरली. अध्यक्ष स्वतः गांधीजी. डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमण्यात आली. तिच्यात विनोबा भावे आणि काका कालेलकर होते, आणि शांतिनिकेतनात काम करून आलेले आर्यनायकम् व आशादेवी हे दांपत्यही होते. समितीने आपला अहवाल त्याच वर्षी २ डिसेंबरला दिला. सात वर्षांचे सक्तीचे, मोफत, मातृभाषेतील शिक्षण. त्याच्या केंद्रस्थानी सूतकताईसारखा एक मूलोद्योग. आणि बाकीचे सर्व विषय त्या उद्योगाशी, निसर्गाशी व समाजजीवनाशी जोडून शिकवावयाचे, असा तो आराखडा होता. फेब्रुवारी १९३८ मध्ये हरिपुरा काँग्रेसने या शिक्षणाला मान्यता दिली. त्याच अधिवेशनाच्या संगीताची तयारी करण्यास गेलेले पंडित खरे त्याच महिन्यात हरिपुऱ्यास न्यूमोनियाने वारले. ज्या योजनेला त्यांच्यासारख्या माणसाची सर्वांत अधिक गरज पडणार होती, ती योजना मान्य होत असताना तो माणूस गेला.

सर्व विषय जोडून शिकविण्याच्या या पद्धतीला आपल्याकडे 'समवाय' हे नाव रूढ झाले. शब्द मोठा मार्मिक आहे. न्याय-वैशेषिक दर्शनांत दोन पदार्थांच्या अविभाज्य संबंधाला समवाय म्हणतात आणि त्याचे ठरलेले उदाहरण तंतू व पट यांचे. धाग्यावाचून वस्त्र नाही. धागे काढून घेतले तर वस्त्र वेगळे उरत नाही. याच्या उलट संयोग. घडा आणि त्याखालची जमीन यांचा संबंध संयोगाचा. घडा उचलला तरी दोन्ही जशीच्या तशी राहतात. सूत कातणाऱ्या शाळेच्या शिक्षणपद्धतीला सूत आणि वस्त्र यांच्याच दृष्टांताने ओळखला जाणारा शब्द लाभावा, हा योग मोठा सुंदर! पण शब्दाने कसोटीही घालून दिली. धडा आणि गाणे यांचा संबंध समवायाचा आहे की नुसत्या संयोगाचा?

आता वेळापत्रक पाहू. झाकिर हुसेन समितीने रोजच्या साडेपाच तासांची वाटणी करून दिली होती. मूलोद्योगाला ३ तास २० मिनिटे. मातृभाषेला ४० मिनिटे. समाजशास्त्र आणि सामान्य विज्ञान यांना मिळून ३० मिनिटे. व्यायामाला १० आणि मधल्या सुट्टीला १० मिनिटे. उरलेली ४० मिनिटे संगीत, चित्रकला आणि गणित या तिघांना मिळून. वर्षाचे दिवस २८८ धरले होते. तिघांत सारखी वाटणी झाली असे मानले, तर संगीताला वर्षाकाठी ६४ तास येतात, उद्योगाला ९६०. पण गणिताच्या शेजारी बसलेल्या विषयाला सारखी वाटणी कितपत मिळाली असेल, हे ज्यांनी शाळा पाहिली आहे त्यांना सांगावयास नको.

तरीही अभ्यासक्रमाचा हेतू खोटा नव्हता. मुलांनी चांगली गीते शिकावीत, त्यांना चांगल्या संगीताची गोडी लागावी, हाताने ताल धरून आणि तालात चालून त्यांची लयीची उपजत जाण वाढावी, समूहगानावर भर असावा, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. तालात चालणे हा संगीताचा पाठ, हे वाक्य १९३७ साली एका सरकारी थाटाच्या नसलेल्या अहवालात यावे याचे मला कौतुक वाटते. मुलाच्या अंगात लय पायांतून शिरते, पुस्तकातून नव्हे.

अशा शाळेत गाणे कोठे खरोखर विणले जाऊ शकत होते, हे जरा जवळून पाहण्यासारखे आहे. प्रथम गणित, कारण ते शेजारीच होते. दादऱ्याच्या सहा मात्रा तीन-तीनच्या दोन भागांत, केरव्याच्या आठ चार-चारच्या. झपतालाच्या दहा मात्रा मात्र पाच-पाच अशा सरळ न मांडता दोन, तीन, दोन, तीन अशा मांडतात. त्रितालाच्या सोळा चार-चारच्या चार भागांत, आणि तिसऱ्या भागाला टाळी नाही, खाली. टाळी देता देता मूल बेरीज करते आणि विभागणीही. एकपट लयीतून दुगुनीत, दुगुनीतून चौगुनीत जाताना अर्धा आणि पाव हे त्याच्या बोटांना कळतात. पंतोजींची निमकी-पावकी हीच. फरक इतका की तेथे ठेका आकड्यांसाठी होता आणि येथे आकडे ठेक्याच्या पोटात आहेत. आकडे चुकले तर गाणे मोडते आणि समेवर न आल्याचे मुलाला स्वतःच्या कानाने कळते. पाटीवर लाल रेघ मारण्याची जरुरी राहत नाही.

विज्ञानाचेही तसेच. एकतारीची तार बरोबर मध्यावर दाबली तर वरचा षड्ज, दोनतृतीयांश लांबी वाजू दिली तर पंचम, तीनचतुर्थांश ठेवली तर मध्यम. सुतार एक फळी देईल, लोहार दोन खिळे देईल आणि वर्गात अपूर्णांक ऐकू येऊ लागतील. कताईच्या वर्गात चार फुटांचा एक तार, १६० तारांची लटी आणि ६४० तारांची गुंडी असा मापनाचा पाठ रोज होतच होता. तोच 'तार' शब्द वीणेच्या तारेशी नेऊन भिडविणे, ही गोष्ट एखाद्या कल्पक गुरुजीला एका दिवसाचे काम होती.

भूगोल आणि समाजजीवन यांच्या बाबतीत तर लोकगीतांनी वाट मोकळीच ठेवली होती. नदीच्या संथ प्रवाहात नावेवर एकट्याने गाण्याची बंगाली भटियाली लांब सुरांची का, आणि आसामातली बिहूची गाणी थिरकती का, याचे उत्तर नकाशावर पाण्याच्या आणि शेतीच्या रेषांतून शोधता येते. आमच्याकडची जात्यावरची ओवी घ्या. जात्याचा खुंटा फिरतो तो एका संथ, सारख्या वेढ्याने. ओवीचे चरण त्या वेढ्यांवर बसतात आणि श्वासही तेथेच घेतला जातो. ज्या घरातल्या बायका पहाटे दळत होत्या, त्या घरच्या मुलाला काम आणि गाणे यांचा समवाय शिकवावा लागत नव्हता; तो ऐकतच मूल मोठे होत होते.

येथेच टकळीची अडचण पुढे येते. टकळीला जात्याची लय नाही. ती फिरवावी, धागा ओढावा, थांबावे, गुंडाळावे, पुन्हा फिरवावी. आणि प्रत्येक मुलाचा वेग निराळा, पेळू निराळा, धागा तुटण्याची वेळही निराळी. चाळीस मुलांच्या चाळीस टकळ्या एका तालात चालणे शक्य नाही. अशा कामावर मन शांत ठेवणारे गाणे म्हणता येईल, पण त्या कामातून ताल उपजत नाही. मूलोद्योगाला केंद्र मानून गाणे त्याच्याभोवती फिरवावयाचे ठरविले की शिक्षकापुढे एक सोपा मार्ग उरतो : टकळीवर पद्य रचणे. मग खतावर, स्वच्छतेवर, भाजीपाल्यातील पोषणावरही पद्ये होतात, आणि कोणत्याही परिचित चालीवर ती बसविली जातात. वरवर पाहता विषय जोडला गेला. पण घडा उचलून पाहावा, खाली जमीन जशीच्या तशी. मुलाला सुराचे काही मिळालेले नाही, आणि खताची माहिती गद्यात अधिक नीट सांगता आली असती. पंतोजींची शाळा तरी प्रामाणिक होती. ती या प्रकाराला संगीत म्हणत नव्हती.

या धोक्याकडे त्या काळी कोणाचेच लक्ष गेले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. वर्धा योजनेचा विचार करण्यासाठी मध्यवर्ती शिक्षण सल्लागार मंडळाने बाळासाहेब खेर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. खेर त्या वेळी मुंबई प्रांताचे मुख्यमंत्री होते. सांस्कृतिक विषयांतील जे भाग मूलोद्योगाशी जोडता येत नाहीत ते स्वतंत्रपणे शिकविले पाहिजेत, अशी स्वच्छ शिफारस त्या समितीने १९३८ सालीच केली. मराठी राज्यकर्त्याच्या शहाणपणाचा हा एक लहानसा नमुना आहे. सगळे सगळ्याशी जोडले पाहिजे, या उत्साहाला त्याने कुंपण घातले. दुर्दैवाने वर्गातला उत्साह आणि समितीचे कुंपण यांची गाठ क्वचितच पडते.

खरा अडसर तत्त्वाचा नव्हता, माणसाचा होता. झाकिर हुसेन समितीने शिक्षकाच्या तयारीसाठी तीन वर्षांचा पुरा अभ्यासक्रम सुचविला, आणि काम तातडीचे म्हणून एक वर्षाचा छोटाही. त्या एका वर्षात शिक्षकाने कापूस निवडण्यापासून पिंजणे, कातणे इथपर्यंतचा उद्योग शिकावा, समवायाने पाठ देण्याची हातोटी मिळवावी, गावाच्या जीवनात मिसळण्याची तयारी करावी. त्यात सूर लावण्यास वेळ कोठला? टकळी नीट चालत नसेल तर सूत सांगे, आणि गुंड्यांची मोजदाद होत असे. गाणे नीट होत नसेल तर कोणाला सांगणार? वर्गात ज्याचा आवाज उंच तोच पुढे म्हणणार आणि बाकीचे त्याच्या मागे ओरडणार. गांधीजींना कंठाचे वळण हवे होते, ते वळण लावणाऱ्या हाताची तरतूद योजनेत नव्हती. सेवाग्रामला १९४४ साली शांतिनिकेतनचे देवीप्रसाद आले आणि त्यांनी तेथील चित्रकलेला खरा आधार दिला. एक जाणता माणूस मिळाला की एखाद्या कलेची शाळेतील अवस्था किती पालटते, याचे हे उदाहरण चित्रकलेचे आहे. पण गाण्यालाही ते लागू पडावे.

पुढची हकीकत थोडक्यात सांगता येते. स्वातंत्र्यानंतर मूलोद्योग शाळांची संख्या वाढली आणि त्यांतला जीव कमी झाला. १९६४ ते १९६६ या काळातील कोठारी आयोगाने मूलोद्योग शिक्षणातील कार्याचे तत्त्व उचलले, पण शिक्षणाच्या कोणत्याही एका टप्प्याला ते नाव देऊ नये, असे ठरविले. ते नाव मावळले आणि त्याबरोबर समवाय हा शब्दही अध्यापक विद्यालयाच्या जुन्या वह्यांत जाऊन पडला. सेवाग्रामच्या आवारात २००५ साली 'आनंद निकेतन' ही शाळा त्या परंपरेतून पुन्हा उभी राहिली. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात कला-समावेशक शिक्षण म्हणून निरनिराळे विषय कलेच्या अंगाने शिकविण्याचा आग्रह धरला आहे. शब्द नवे आहेत. मागणी शिक्षकापुढे तीच आहे, आणि त्याच्या गळ्याची स्थितीही बहुतेक ठिकाणी तीच.

चित्रपटातल्या चालीवर बसविलेला पाढा ऐकून पाहुणे टाळ्या वाजवितात, आणि अहवालात संगीताच्या रकान्यात खूण होते. मुलांनी तो पाढा कोणत्या पट्टीत म्हटला, ती पट्टी लहान मुलांच्या गळ्याला झेपणारी होती काय, शेवटच्या बाकावरच्या मुलाचा षड्ज लागला काय, हे विचारणारा रकाना त्या अहवालात अजून छापावयाचा आहे.